हळदीखालचं नाव

मित्रांनो, दुकानात सामान घेऊन काउंटरवर गेलात की 'टीं' असा आवाज येतो ना, तो आवाज काढता काढता म्हातारा झालेला स्कॅनर म्हणजे मी. कोणी मला मशीन म्हणायचं, पोट्टे बंदूक म्हणायचे, आणि ऊर्जानगरातल्या, म्हणजे वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या बाया तर सरळ 'टींटीं' म्हणायच्या. सध्या माझा मुक्काम ग्राहक भांडाराच्या मागच्या खोलीत, एका पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे. सोबतीला शेपूट तुटलेला एक माऊस, न चालणारा कॅल्क्युलेटर आणि कोणाचा कोण जाणे, एक चष्मा. त्यांना बोलायची हौस नाही आणि मला गप्प बसवत नाही. तुम्ही आलात ते बरं झालं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं काही आठवत नाही. कोणी भिंग बसवलं, कोणी तार जोडली, कोणी पोटावर शिक्का मारला आणि डब्यात घालून झाकण लावलं. डोळे उघडले ते एकदम नागपुरात, एका विक्रेत्याच्या टेबलावर. समोर आमच्या भांडाराचे व्यवस्थापक अतुलसाहेब बसले होते आणि विक्रेता माझं गुणगान गात होता. "हा साधा नाही साहेब. साधे फक्त पट्ट्या वाचतात. हा चौकडी पण वाचतो. पुढचा जमाना चौकडीचाच आहे." ते ऐकून माझी छाती केवढी फुगली होती म्हणून सांगू.

पट्ट्या आणि चौकडी यांतला फरक तुम्हाला सांगायलाच हवा. साबणाच्या वडीवर उभ्या काळ्या रेघा असतात, त्या पट्ट्या. त्या एकाच दिशेनं वाचायच्या. त्यांच्यात मावतो एक नंबर, बाकी नाव आणि भाव संगणकाच्या पोटात. चौकडी म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा लहानसा चौकोन. ती आडवी पण वाचायची आणि उभी पण वाचायची, म्हणून तिच्यात मजकूरच्या मजकूर मावतो. बोटाच्या पेराएवढ्या जागेत माणसाचं नाव, गाव, महिना, सगळं. उलटी धरली तरी माझं अडत नाही. जरा फाटली, डाग पडला, तरी उरलेल्यातून मी जुळवून घेतो. एवढं माझं शिक्षण, आणि कामाला लागलो तो साबण मोजायला.

कारण चंद्रपूर जिल्ह्यात तेव्हा चौकडी कोणाला ठाऊकच नव्हती. दोन हजार सहाचा सुमार होता. जो येईल तो माल पट्ट्यांचाच. तेल, चहा, उदबत्ती, पावडर, सगळीकडं पट्ट्याच पट्ट्या. मी आपला टीं टीं करत बसायचो आणि मनात म्हणायचो, अरे एखादी चौकडी आणा रे कोणीतरी.

तरी दिवस मजेचे होते, खोटं कशाला बोलू. सकाळची पाळी सुटली की सायकलींची रांग लागायची, मग कंपनीच्या बसा यायच्या आणि काउंटर गजबजून जायचं. काउंटरवर रुपालीबाई बसायच्या. वीजकेंद्राच्या धुराड्यांची राख ऊर्जानगरात कशालाच सोडत नाही. पाण्याच्या माठावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि माझ्या काचेवर रोज बारीक थर बसायचा. रुपालीबाई आल्या की हातातली पिशवी ठेवायच्या आधी मऊ फडक्यानं माझी काच पुसायच्या. "पाह्य बाबा, दिसून राह्यलं का आता?" असं विचारायच्या. तेवढ्या एका प्रश्नासाठी मी दिवसभर राबायला तयार होतो.

आता एक नियम सांगतो, कारण पुढं सगळं त्यावरच अडलं. मी येण्याआधी भाव हातानं संगणकात टाकायचे. त्यात एकदा तुरीच्या डाळीच्या जागी चहापत्ती पडली आणि असे घोळ बरेच झाले. भांडाराच्या समितीनं अतुलसाहेबांना सगळ्यांसमोर झापलं. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवसापासून घाबरट झाला. मी आल्यावर त्यांनी हातानं भाव टाकायची सोय संगणकात कुलूपबंद करून टाकली. ते कुलूप उघडायचा शब्द फक्त त्यांना ठाऊक. आणि काउंटरवर सगळ्यांना सांगून ठेवलं, "टीं नाई तं बिल नाई, अन् बिल नाई तं माल नाई." माल उतरवणारे डोमाभाऊ हसून म्हणायचे, "म्हंजे आता दुकानाचा मालक हा लाल लाईटवालाच."

मला ते ऐकून बरं वाटायचं. नाकापेक्षा मोती जड व्हायला लागला होता, पण मोत्याला ते कुठं कळतं.

एके दिवशी फाल्गुनात निशाताई आल्या. त्या मूळच्या पोंभुर्ण्याच्या, पण भामरागडला एका संस्थेत काम करायच्या. त्यांच्यासोबत एक बाई होती, बुधरी. भामरागडच्याही पलीकडं, नदीकाठच्या जंगलातल्या एका गावची. पाठ ताठ, बोलणं कमी. निशाताईंनी पिशवीतून मधाची एक बाटली काढली आणि काउंटरवर ठेवली. बाटलीवर कागद चिकटवलेला, आणि कागदावर चौकडी.

मित्रांनो, माझं काय झालं असेल ते तुम्हीच समजा. ज्या कामासाठी मला घडवलं ते काम पहिल्यांदा माझ्यासमोर आलं होतं.

निशाताई साहेबांना समजावत होत्या. पट्ट्यांचा नंबर मिळवायला कंपनी लागते, कागदपत्रं लागतात, ते ह्या बायांच्या आवाक्यातलं नाही. चौकडी तर भामरागडच्या ऑफिसातल्या प्रिंटरवर सुद्धा छापता येते. "आणि साहेब, पट्टीत नुसता नंबर असतो. ह्याच्यात बघा काय आहे."

रुपालीबाईंनी मला बाटलीसमोर धरलं. टीं. पडद्यावर अक्षरं उमटली आणि रुपालीबाईंनी ती मोठ्यानं वाचली, "बुधरी. जंगलातला मध. मागचा वैशाख." पुढं गावाचं नाव होतं, तेही वाचलं.

बुधरी दचकली. इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाली, "मी तं नाव सांगतलंच नाई. याले कसं मालूम?"

"तुमचंच नाव हाय याच्यात, बाई," रुपालीबाई म्हणाल्या.

"येवढ्याशात?"

"येवढ्याशात."

"अन् गाव बी?"

"गाव बी हाय."

बुधरीनं चौकडीवर अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. मग निशाताईंकडं पाहून म्हणाली, "डब्यात टाकला का तो कोनाचाच नाई राह्यत. हा माहाच राह्यला."

डब्याचं असं होतं. त्यांच्या गावचा मध आजवर आठवडी बाजारात व्यापाऱ्याच्या पत्र्याच्या डब्यात जायचा. कोणी झाडावर चढलं, कोणाला माश्या डसल्या, कोणी फडक्यातून गाळला, सगळं एका डब्यात. पुढं तो कुठं जातो, कोणाच्या नावानं विकतो, गावाला पत्ता नाही. आता निशाताईंनी बायांचा गट केला होता. ठरलं असं की पहिली खेप नीट विकली तर आमच्या भांडारात गटाच्या मधाला कायमची फळी मिळेल. अतुलसाहेबांनी शब्द दिला. बुधरीनं गावात घरोघर जाऊन बायांना तयार केलं की यंदाचा मध व्यापाऱ्याला द्यायचा नाही, एक थेंबसुद्धा नाही. व्यापाऱ्यानं ऐकलं आणि निरोप धाडला की मग पुढच्या साली माझ्या डब्याकडं यायचं नाही. झालं, दोर कापले गेले. गावचा अख्खा हंगाम आणि बुधरीचा शब्द त्या बाटल्यांवर येऊन बसला.

हे सगळं मला निशाताई काउंटरवर बोलायच्या त्यावरून कळलं. मी इकडं चैत्र मोजला, वैशाख मोजला. साबण वाचताना सुद्धा लक्ष दरवाजाकडं असायचं. आता रोज चौकड्या येतील, आता रोज नावं वाचायला मिळतील, असे मांडे मनात खात होतो.

खेप आली ती ज्येष्ठात. उशीर केला असता तर पुलावर पाणी चढून भामरागडचा रस्ताच बंद झाला असता, म्हणून बायांनी घाई करून माल काढला होता. निशाताई मात्र मलेरियानं अंथरुणाला खिळल्या होत्या, म्हणून बुधरी एकटीच एसटीच्या टपावर खोकी चढवून निघाली, रस्त्यात गाडी बदलून आली. डोमाभाऊंनी खोकी आत आणली. रुपालीबाईंनी हसत हसत पहिली बाटली उचलली आणि हसू तिथंच थांबलं.

चौकडीच्या बरोबर मधोमध हळदीचा अंगठा होता. हळद आणि तांदळाचं ओलं पीठ कालवून ठसठशीत दाबलेला आणि वाळून कडक झालेला. दुसरी बाटली काढली, तिच्यावरही. तिसरीवरही. खोकंच्या खोकं पिवळं.

"हे काय केलं बाई?" रुपालीबाईंनी विचारलं.

बुधरीला वाटलं कौतुकानं विचारलं. ती खुशीत सांगायला लागली. "चौक हाय ना तो. निशाताईनं सांगतलं होतं, याच्यातच सारं हाय, याले जपा. आमच्याइथी नवरी बसवाले अंगनात पिठाचा चौक भरते, मंधात हळद ठेवते. रिकाम्या चौकावर कोनी नवरी बसवते का? तं माल निघायच्या दिवशी साऱ्या बाया आल्या, आपल्या आपल्या बाटलीले हळद लावली, पेनाचं नाव घेतलं, अन् काढला."

पेन म्हणजे त्यांचा देव. तुम्हीच सांगा मित्रांनो, तिचं काय चुकलं? सगळ्यात मोलाची जागा म्हणून तिला जी सांगितली, ती हीच. मग मोलाच्या जागेला हळद नाही लावायची तर कशाला लावायची? फाल्गुनात आणलेली बाटली नुसती दाखवायला आणलेली, ती घरातून 'काढलेली' नव्हती, म्हणून तिला हळद नव्हती. निशाताई चौकडीला पाणी लागू देऊ नका म्हणाल्या होत्या, धूळ लागू देऊ नका म्हणाल्या होत्या. हळद लावू नका हे सांगायचं कोणाच्या डोक्यात येणार?

रुपालीबाईंनी मला बाटलीसमोर धरलं. मी पाहिलं. कडेचे ठिपके दिसत होते, कोपऱ्यातले चौकोन दिसत होते, पण अख्खं पोट झाकलेलं. जवळ नेलं, लांब नेलं, तिरपं धरलं. माझ्या तोंडून टीं निघेना. दुसरी बाटली, तीच गत. जरा डाग असता तर मी जुळवून घेतलं असतं हो, पण नावच हळदीखाली गेलेलं. आणि त्या वाळलेल्या हळदीत मला काय दिसत होतं सांगू? अंगठ्याच्या रेघा. बारीक, वळणाच्या, आडव्या आणि उभ्या, एका बाटलीवरच्या दुसरीवर नाहीत. तीही चौकडीच होती, बाईनं स्वतःच्या हातानं उमटवलेली. मला ती वाचायला कोणी शिकवलं नव्हतं.

रुपालीबाईंनी ओल्या फडक्यानं एक बाटली पुसून पाहिली. हळद निघाली आणि तिच्यासोबत शाईही निघून आली. कागद कोरा पडला. मग त्यांनी दुसरीला हात लावला नाही.

अतुलसाहेब आले. बाटल्या पाहून कपाळाला हात लावला. त्यांनी भामरागडला फोन लावून पाहिला, तर तिकडचा फोन बंद. रुपालीबाई म्हणाल्या, "साहेब, कुलूप उघडा ना. मी हातानं टाकतो भाव. माल तं समोर दिसून राह्यला."

"अन् उद्या समितीवाले येऊन राह्यले तपासणीले, त्याहिले काय सांगू?" साहेब हळू आवाजात म्हणाले. "मागच्या बारीनं काय झालं ते मालूम हाय ना तुले? बिननोंदीचा माल दुकानात दिसला तं मले घरी बसवतीन. मशीन नाई म्हणते तं मी काय करू?"

बघा मित्रांनो. मी कधी 'नाही' म्हटलं होतं? मला फक्त 'टीं' म्हणता येतं. गप्प बसलो म्हणजे नाही म्हटलं, हा अर्थ त्यांनी लावला.

कॉलनीतल्या कांताबाई शेंगदाणे घ्यायला आल्या होत्या. त्यांनी एक बाटली उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "मस्त मध हाय. एक टाक माह्या पिशवीत, बिल नोको मले."

"बिल नाई तं माल नाई, कांताबाई," साहेब म्हणाले.

"टींटीं काय चाखून पाह्यते का मधाले?" असं पुटपुटत त्या गेल्या. खरंच बोलल्या. गाढवाला गुळाची चव काय, आणि मला मधाची काय? साऱ्या दुकानात ज्याला जीभही नाही आणि नाकही नाही असा मी एकटाच, आणि मधाचा निवाडा माझ्यावर सोपवलेला.

बुधरीला एवढं कळलं होतं की काहीतरी अडलंय. साहेबांनी तिला सांगितलं, "बाई, हा माल परत घेऊन जा. निशाताई बऱ्या झाल्या का नवे कागद लावून आना. मी नाई नाई म्हणत."

"परत नाई नेता येत साहेब."

"काऊन?"

"हळद लावून घरातून काढला. हळद लावून काढलं ते परत घरात घेत नाई आमी."

"असं कुठी राह्यते का? माल हाय तो, नवरी थोडीच हाय."

"नवरीवानीच काढला," बुधरी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही की रडका झाला नाही. "परत नेला तं कोनी खात नाई, कोनी इकत नाई. साऱ्या गावचा हाय साहेब. मी सांगतलं म्हनून देला बायांनी."

साहेबांना ती सबब वाटली. माल परत न्यायचा त्रास नको म्हणून बाई काहीतरी सांगते, असं त्यांना वाटलं असावं. ते केबिनमध्ये गेले आणि तपासणीचे कागद काढून बसले. बुधरी पायरीवर बसून राहिली. रुपालीबाईंनी तिला चहा दिला, तो तिनं घेतला. संध्याकाळच्या बसची वेळ झाली तशी ती उठली. डोमाभाऊंनी खोकी परत बाहेर काढली. त्यांचंही तोंड उतरलं होतं. ते म्हणाले, "बाई, मी उतरवला तवा लय हलका वाटला होता हा माल."

जाताना बुधरी काउंटरशी आली. माझ्याकडं पाहिलं. फाल्गुनात ज्यानं नाव ओळखलं होतं तो आज काऊन ओळख देत नाही, हे ती मला विचारत होती असं मला वाटलं. कदाचित ती नुसतीच पाहत असेल. मी तोपर्यंत किती वस्तूंना हाका मारल्या असतील, पण त्या दिवशी एक टीं निघाला असता तर माझा जन्म सार्थकी लागला असता.

नदीला पाणी चढलं आणि भामरागडकडची खबर येणं बंद झालं. पावसाळा सरत आल्यावर निशाताई आल्या. हाडं दिसत होती त्यांची. त्यांनी रुपालीबाईंना सांगितलं की मध संपला. बुधरीनं खोकी गावाच्या शिवेबाहेरच ठेवली, घरात कोणीच घेईना. बाया जमल्या आणि मध नद्यांच्या संगमावर नेऊन पाण्यात सोडला. सगळा. मग बाटल्या धुवून, पुसून निशाताईंच्या ओसरीवर आणून ठेवल्या, कारण बाटल्या संस्थेच्या होत्या.

रुपालीबाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "माह्या क्वार्टरात ठेवून घेतल्या असत्या तं? तपासणी झाली का दुसऱ्या दिवशी परत आनल्या असत्या. तवा सुचलंच नाई मले."

मित्रांनो, ते कोणालाच सुचलं नव्हतं. सगळे माझ्या आवाजाकडं कान लावून बसले होते ना, म्हणून.

पुढं दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. एका मोठ्या कंपनीचा बिस्किटांचा ट्रक वाटेत भिजला. पुड्यांवरच्या पट्ट्या विरघळून काळं पाणी झालेलं. रुपालीबाईंनी मला धरलं, मी गप्प. अतुलसाहेब केबिनमधून आले, कळफलक पुढं ओढला, त्यांचा तो गुपित शब्द टाकला आणि म्हणाले, "हातानं टाक भाव. सणाचा माल हाय, थांबवता नाई येत."

रुपालीबाईंचे हात मांडीवरच राहिले. "उघडते का साहेब हे कुलूप?"

"उघडते ना. मीच लावलं हाय."

"मंग त्या बाईच्या खेपेले काऊन नाई उघडलं?"

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ह्याला म्हणतात. पण साहेबांनी कळफलकावरचा हात काढून घेतला. ते उभेच राहिले. गिऱ्हाईकं खोळंबली, पुडे तसेच पडले. मग त्यांनी स्वतः बसून भाव टाकले आणि त्या दिवशी जेवायला घरी गेले नाहीत. मला त्यांचा राग होता, तो त्या दुपारी अर्धा ओसरला.

दिवाळी झाल्यावर साहेबांनी निशाताईंना बोलावून घेतलं. दोघांनी बसून नवा कागद तयार केला. एका बाजूला चौकडी, आणि तिच्या शेजारी पिठाच्या चौकासारखा चौक छापलेला, मधोमध हळदीसाठी जागा सोडून. हळदीला तिची जागा आणि मला माझी. पाहून मी हरखलो. इतकी साधी गोष्ट होती. नमुन्याच्या कागदावर साहेबांनी स्वतः हळद लावून माझ्यासमोर धरलं आणि मी खणखणीत टीं केलं. मग एके दिवशी साहेब, रुपालीबाई आणि निशाताई भामरागडला गेले. मी काउंटरवर वाट पाहत होतो.

परत आल्यावर रुपालीबाईंनी डोमाभाऊ आणि कांताबाईंना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. बुधरीनं त्यांना पाहून तोंड फिरवलं नाही. अंगण सारवलं, पाहुण्यांसाठी पिठाचा चौक भरला, मधे हळद ठेवली. पळसाच्या पानावर मध दिला. घरात खायला म्हणून नवा थोडा काढलेला होता. साहेबांनी नवा कागद पुढं केला. म्हणाले, "बाई, आता कुलूप बी काढून टाकलं. मशीन वाचो का न वाचो, तुमचा माल परत नाई येत. माहा शब्द हाय."

बुधरीनं कागद हातात घेतला. छापलेल्या चौकावरून अंगठा फिरवला. "चांगलं केलं," म्हणाली. "लय चांगलं केलं."

"मंग यंदा पाठवता ना?"

तिनं मान वळवली. मागं दारात बाया उभ्या होत्या, त्यांच्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "मध खा साहेब. पाहुने आले का मध देतोच आमी. पन हळद लावून काढलेली पोरगी ज्या दारातून परत आली, त्या दारात दुसरी कोन देते जी?"

साहेबांनी पानावरचा मध पुरता खाल्ला, एक थेंब टाकला नाही, असं रुपालीबाई म्हणाल्या. परतीच्या बसमध्ये ते खिडकीकडं तोंड करून बसले होते.

त्या वर्षी गावचा मध पुन्हा बाजारात गेला. व्यापाऱ्यानं हातापाया पडायला लावलं आणि मग घेतला, डब्यात. आमच्या भांडारात पुढं मधाच्या बाटल्या आल्या, त्यांच्यावर कंपनीचं नाव आणि स्वच्छ पट्ट्या होत्या. मी प्रत्येकीला टीं केलं. त्यात बुधरीच्या गावचा मध होता की नव्हता, हे पट्टीत लिहिलेलं नसतं. चौकडी मात्र माझ्यासमोर परत कधी आली नाही. जे वाचण्यासाठी मला घडवलं होतं ते मी फाल्गुनातल्या त्या एका दिवशी वाचलं आणि नंतर एकदा साहेबांनी धरलेल्या नमुन्याच्या कागदावर. पुढं माझी तार सैल झाली, काच ओरखडली, आणि नवा स्कॅनर आला तेव्हा रुपालीबाईंनी मला शेवटचं पुसून ह्या खोक्यात ठेवलं.

मित्रांनो, यंत्रांना जपा, आमच्या काचा पुसा, तारा ओढू नका, हे तर मी सांगेनच. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. उद्या तुमच्यातलं कोणी अशाच काउंटरवर बसेल आणि माझ्यासारखा कोणी लाल दिवा लावून गप्प राहील. तेव्हा समजा की त्याला वाचता आलं नाही, एवढंच. त्याच्या गप्प बसण्याचा निकाल करू नका. मान वर करा आणि पलीकडं कोण उभं आहे ते बघा. ती बाई घरून हळद लावून निघालेली असेल, आणि तिला परत जाता येत नसेल.